मालक वर आहेत

"काका, आज तुम्ही दुकानात उतरायचं नाही," लेक म्हणाली आणि चहा ओतणाऱ्या धाकट्या जावेचा हात तिथल्या तिथे थांबला.

सांगायचं होतं ते एवढंच, पण दोन इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलून जरा आडून सांगता आलं असतं. थोरलीच्या लेकीला ते कधी जमलं नाही. दुकान बंद पडणार असं कानावर आलं तशी ती परगावची हिशेबनिसाची नोकरी सोडून परत आली, आणि आल्यापासून घरातल्या प्रत्येकाला कामाला लावत सुटली होती. एकदा मनात घेतलं की ती कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. तिच्या स्वतःच्या बापाला जाऊन तर वीस-बावीस वर्षं झाली होती.

"का म्हणून?" धाकटीनं किटली ओट्यावर आपटली. "ह्यांनी काय चोरी केलीये?"

"चोरी कोण म्हणतंय, काकू? आज तपासणी आहे. बाईच्या मालकीचं दुकान म्हणून यादीत नाव लागलं तर पाणीपुरवठ्याचे पंप आपल्याकडे राहतील. नाही लागलं तर गेले. मग खाली उरतं काय? दोन पंखे आणि एक मिक्सर. त्यावर दुकान चालतं?"

चालत नव्हतं, हे चौघांनाही ठाऊक होतं. जळलेली मोटार नव्या तारेनं भरून घ्यायचे दिवस मागे पडले होते. लोक जुनी भंगारात टाकत आणि नवी आणत. पाणीपुरवठा खात्याचे पंप तेवढे दुरुस्तीला येत राहिले, म्हणून घराखालचं ते अंधारं, व्हार्निशच्या वासाचं दुकान कसंबसं तग धरून होतं. यंदा खात्यानं नियम केला की अशी छोटी कामं फक्त बायका चालवतात त्या उद्योगांनाच द्यायची. ते ऐकून थोरली कितीतरी दिवसांनी मोकळं हसली होती. सरकार आयुष्यात पहिल्यांदाच तिच्यासाठी काहीतरी करत होतं, आणि त्यासाठी तिला खोटं बोलावं लागणार नव्हतं. दुकान तिचंच होतं.

"बरंच झालं की," धाकटीचा नवरा म्हणाला. "मालकाला सुट्टी म्हणून कधी मिळते? आज मस्त ताणून देईन."

त्याला सगळी गल्ली मालक म्हणे. गिऱ्हाइकं म्हणत, शेजारीपाजारी म्हणत, आणि रागावली की धाकटीसुद्धा म्हणे.

"हसताय काय?" ती आता त्याच्यावरच उलटली. "इतकी वर्षं ज्याचं तोंड बघून लोक दुकानात आले, त्याला आज जुन्या ट्रंकेसारखं माळ्यावर टाकतायत. आणि अर्जात काय लिहिलंय ठाऊक आहे? मदतनीस! मालकाचा मदतनीस केलाय तुमच्या पुतणीनं."

"काकू, नियमात बसायचं म्हणजे—"

"नियम ठेव तुझ्यापाशी. जाऊबाई, तुम्ही तरी बोला. मिठाची गुळणी धरलीत का?"

थोरली खिडकीपाशी बसून सुरीच्या टोकानं नखांतलं व्हार्निश काढत होती. या घरातल्या भांडणांत ती शेवटी बोलायची, आणि तोवर बहुतेक सगळं बोलून झालेलं असायचं. "एका सकाळचा तर प्रश्न आहे गं," ती म्हणाली. "पण भाऊजी, तुमच्या मनाला लागत असेल तर राहू दे. तुम्ही बसा खाली. मी सांगेन काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय, आई? आणि ती नखं कशाला साफ करतेस? राहू देत तशीच. दिसू देत त्या बाईला."

"वहिनी, माझ्या मनाला कशाला लागतंय," मालक म्हणाला आणि त्यानं कप तोंडाला लावला.

लागलं होतं. रोजच्यासारखा इस्त्रीचा शर्ट त्यानं सकाळीच अंगात चढवला होता, आणि आता तो काढायचा की तसाच ठेवायचा हेही त्याला कळेना. थोरला भाऊ गेला तेव्हा तो चपलांच्या दुकानात विक्रेता होता. मोटारीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. कळत होतं ते वहिनीला. थोरल्यानं तिला हाताशी धरून सगळं काम शिकवलं होतं, आणि तो अंथरुणाला खिळल्यावर तर सगळं तिच्याच हातचं होतं. तो गेला आणि ती एकटी दुकान उघडून पुढे बसायला लागली. लोक खांद्यावर मोटार घेऊन येत, दारातून आत बघत, सरळ तिच्याकडे बघत आणि विचारत, "कोणी नाही का?" "मी आहे ना," ती म्हणे. "बरं, नंतर येतो," म्हणून ते चौकातल्या दुसऱ्या दुकानात जात. असा महिना गेला. मग एके दिवशी ती जिना चढून वर आली आणि दिराला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही नुसते बसा. बाकीचं मी बघते."

तो नुसता बसला, आणि बसायचं काम त्यानं फार झकास केलं. मोटार आली की चष्मा चढवून तो ती चारी बाजूंनी पाही आणि "आत बघून सांगतो" म्हणत मागच्या खोलीत नेई. मागे थोरली मोटारीला नाक लावून वास घेई, आत बोटं घालून चाचपे आणि काय झालंय ते हळू आवाजात सांगे. तेच तो बाहेर येऊन खणखणीत आवाजात सांगे. तो जेवायला वर गेलेला असताना कुणी आलं तर थोरली भिंतीलगत वर गेलेल्या लोखंडी पाइपावर लाकडी हातोडीनं दोन ठोके मारी, की हा तोंड पुसत हजर. दुकान चाललं. घर चाललं. धाकटीची दोन्ही मुलं त्यावर शिकून लांब निघून गेली. वर्षं सरली तसं मालकाला स्वतःलाच कधीकधी वाटे की हे सगळं आपल्याला येतं. धाकटीनं तर खरं काय ते केव्हाच मनाआड करून टाकलं होतं. गल्लीत तिला मालकीणबाई म्हणत आणि थोरलीला नुसतंच वहिनी, आणि यात काही चुकतंय असं तिला वाटायचं बंद झालं होतं.

"मी वरच बसतो," मालक म्हणाला. "त्या गेल्या की सांगा."

लेकीनं मनात एक कडक, चष्म्यावरून बघणारी अधिकारीण उभी केली होती. आली ती एक दमलेली, घामाघूम बाई. फुगलेली पिशवी बाकावर ठेवून तिनं आधी बूट काढला आणि टाच चोळली.

"सकाळपासून पायपीट चाललीये," ती म्हणाली. "एका ठिकाणी नवरा उत्तरं देत होता, दुसऱ्या ठिकाणी सासरा. तिसऱ्या ठिकाणी तर बाईला आपण काय विकतो तेच ठाऊक नव्हतं. दोन प्रश्न विचारले तर रडायला लागली."

"इथे तसलं काही नाही, मॅडम."

"असं सगळेच म्हणतात." बाई हसली. हसणं चांगलं होतं. "आणि तू बोलू नकोस हं. आईंना बोलू दे."

थोरलीला त्या सकाळी लेकीनं पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. ती जेमतेम टेकली होती, कुणी उठवायला येईल की काय अशी. समोर बाकावर खात्याचाच एक पंप उघडून ठेवलेला होता. बाईनं त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, "ह्याचं काय झालंय?"

"जळलाय," थोरली म्हणाली.

लेकीनं डोळे मिटून घेतले. एवढंच सांगायचं होतं का?

पण थोरलीचा हात एव्हाना पंपाकडे गेला होता, आणि हात गेला की तोंड आपोआप उघडे. "म्हणजे असं बघा, इथे काळं पडलंय, इथेही. ही मधली कॉइल मात्र जशीच्या तशी. तीन तारांतून वीज यायला हवी, ती दोनच तारांतून येत होती आणि पंप तसाच दामटला. तार चांगली होती. तुमच्या पंपघरात फ्यूज उडाला असणार आणि कुणी पाहिलं नाही. मी भरून देईन, पण आधी तो फ्यूज बघा. नाहीतर महिन्याभरात पुन्हा इथेच येईल."

बाई बाकाजवळ सरकली. मग थोरलीनं तार गुंडाळायचा लाकडी फर्मा दाखवला, खाचांत घालायचा कागद दाखवला, तो दुमडायचा कसा ते दाखवलं. एकदा तर ती स्वतःशीच हसली, कुठल्यातरी आडमुठ्या मोटारीची आठवण येऊन. लेक दाराला टेकून ऐकत होती. आईचा हा आवाज मागच्या खोलीतला होता. दुकानाच्या पुढच्या भागात तो तिनं कधी ऐकला नव्हता.

"कागदपत्रं बघितली मी," बाई म्हणाली. "जागेचा करार दिरांच्या नावावर आहे. विजेची जोडणीही."

"तेव्हा माझ्या नावावर कोणी देईना. जागामालक म्हणाला, पुरुषाची सही पाहिजे. वीजवाले म्हणाले, जागा ज्याच्या नावावर त्यालाच जोडणी. बँकेत गेले तर म्हणाले, घरातल्या कुणाला तरी पाठवा." थोरली थांबली. "मी काय बाहेरची होते?"

बाईचं लिहिणं थांबलं. तिनं एकदा थोरलीकडे नीट पाहिलं. "जुन्या कागदांचं मी सांभाळून घेते," ती म्हणाली. "तेवढ्यावर कोणी अडवणार नाही. मुख्य गोष्ट सांगा. दुकानात शेवटचा शब्द कुणाचा?"

"माझा."

"काम घ्यायचं की नाही, कधी द्यायचं, कुणाला नाही म्हणायचं?"

"मीच ठरवते. पहिल्यापासून."

ह्यातला शब्दन् शब्द खरा होता. बाई बूट घालून उठली आणि मागची खोली बघते म्हणून मधल्या आडोशाच्या कपाटाआड गेली. व्हार्निश वाळवायच्या भट्टीचं दार उघडल्याचा आवाज आला.

आणि तेवढ्यात बेकरीवाला आला. पिठानं भुवया पांढऱ्या झालेल्या, खांद्यावर मैदा मळायच्या यंत्राची मोटार, आणि मोटारीला जळकट वास. त्यानं ती धाडकन बाकावर टेकवली.

"वहिनी, मालक कुठायत? लवकर बोलवा. अर्धा मैदा यंत्रात तसाच पडलाय."

थोरलीनं विचार केला नाही. विचार करायचं ते वाक्यच नव्हतं, दिवसातून दहा वेळा तोंडातून जाणारं. "वर आहेत. बोलावते," ती म्हणाली आणि खुर्चीवरून उठली. हातोडी पंपाशेजारीच होती. पाइपावर एक ठोका पडला, दुसरा पडला, आणि तो पडत असतानाच तिला लेकीचा चेहरा दिसला.

वर मालक इस्त्रीच्या शर्टातच पलंगावर बसून होता. ठोके ऐकताच त्याच्या जिवात जीव आला.

"बघा," धाकटी म्हणाली. "निघाली का एक सकाळ तुमच्यावाचून? जा. पण हातातलं सोडून धावत नका जाऊ. जरा थांबू द्यात त्यांना."

तपासणी आटोपली म्हणूनच बोलावलं असणार. दुसरं काही असू शकतं हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. इतक्या वर्षांत त्या दोन ठोक्यांना दुसरा अर्थ कधी नव्हताच. तो भराभर जिना उतरला आणि दारातून आत पाऊल टाकता टाकताच म्हणाला, "गेली का ती बाई? निभावलं ना?"

कपाटाआडून बाई बाहेर आली.

"या मालक," बेकरीवाला म्हणाला. त्याला कुणाच्या चेहऱ्याकडे बघायला वेळ नव्हता. "बघा बाबा हिला काय झालं ते. मागच्या वेळी तुम्ही भरून दिलीत तेव्हापासून एक दिवस कटकट नाही. तुमच्या हाताला तोड नाही."

"हे कोण?" बाईनं विचारलं.

उत्तर बेकरीवाल्यानंच दिलं. "हे मालक. तुम्ही नवीन दिसता."

"मॅडम, तसं नाहीये ते," लेक घाईघाईनं म्हणाली. "काका नुसते दाखवायला असतात. म्हणजे आज नव्हते, म्हणजे आम्हीच त्यांना सांगितलं होतं की—"

"तू थांब." बाईचा आवाज चढला नव्हता, पण त्यातलं मघाचं हसू गेलं होतं. "ताई, तुम्ही सांगा. काय आहे हे?"

थोरलीनं तोंड उघडलं. आणि बोलण्याआधी, परक्या माणसापुढे बोलताना जसं रोज पाही तसं, तिनं दिराकडे पाहिलं. पापणी लवावी एवढंच. पण बाईनं ते पाहिलं, आणि बाईनं पाहिलं हे थोरलीलाही दिसलं. ती हातातली हातोडी बाकावर ठेवायला वळली.

"काका," लेक पुढे आली. "सांगा त्यांना. तुम्हाला एक कॉइल तरी भरता येते का? एक? सांगा ना."

"एक अक्षर बोलू नका!" धाकटी जिन्यावर येऊन उभी होती. "कुणासमोर काय बोलायला लावतेयस तू ह्यांना? गिऱ्हाईक उभं आहे पुढे."

"काकू, दुकान जाईल."

"जाऊ दे गेलं तर. आम्ही उपाशी राहू. पण उद्या हा माणूस गल्लीत कुठल्या तोंडानं फिरेल? जाऊबाई, आवरा हिला. हात जोडते."

थोरलीनं लेकीचा दंड धरला. "नको," ती म्हणाली. "भाऊजी, नको. राहू दे."

मालकानं दोघींकडे पाहिलं. लग्न होऊन घरात आल्यापासून या दोन जावा एका बाजूला उभ्या राहिल्याचं त्याला आठवत नव्हतं, आणि आज उभ्या होत्या त्या त्याची लाज राखायला. हे त्याला सहन झालं नाही. त्यानं चष्मा काढला. चष्मा काढला की तो एकदम म्हातारा दिसे.

"मला काही येत नाही, मॅडम," तो म्हणाला. "तार जाड घ्यायची की बारीक, ते मला आजही कळत नाही. मी चपला विकायचो. ह्या दारातून भरून गेलेली एकूण एक मोटार वहिनींनी भरलीये. मी नुसता बसतो. वहिनी आत सांगतात ते पाठ करून बाहेर येतो आणि बोलतो. आवाज माझा मोठा आहे ना." त्याला हसायचं होतं, पण जमलं नाही. "एवढंच माझं काम."

धाकटी जिन्याच्या पायरीवर बसली आणि तिनं गुडघ्यांत तोंड खुपसलं. बेकरीवाला मालकाकडे बघत राहिला होता.

"पटलं मला," बाई म्हणाली, आणि लेकीच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "काम ह्या करतात हे तर मला आधीच पटलं होतं. पण काका, तुम्ही आत्ता जे सांगितलंत ना, नेमकं तेच शोधायला मला पाठवतात. बाई मागच्या खोलीत राबते. ज्याला काम येत नाही तो पुरुष पुढे खुर्चीवर बसतो. लोक त्याला मालक म्हणतात. जागा त्याच्या नावावर, वीज त्याच्या नावावर. आणि तपासणीच्या दिवशी त्याला वर दडवून ठेवतात."

"पण ठरवते आई!" लेक जवळजवळ ओरडली. "तिनंच बसवलंय त्यांना तिथे!"

"हे तू म्हणतेस. मी लिहू कशाच्या जोरावर? मी आले होते तेव्हा काय दिसलं, असं मला विचारतील. दिसलं ते हेच." बाईनं पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "दडवलं नसतंत तर गोष्ट वेगळी होती. हे असं असं आहे, लोक बाईकडे येईनात म्हणून आम्ही दिराला बसवलं, असं आल्या आल्या सांगितलं असतंत तर मला भांडायला जागा होती. आता मी काहीही लिहिलं तरी वरचा साहेब विचारणार, मग लपवलं का? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे आहे?"

दडवायची अक्कल लेकीचीच होती. मदतनीस हा शब्दही तिचाच.

"पुन्हा अर्ज करता येईल?" थोरलीनं विचारलं.

"पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी दुकान नसेल."

"कळतंय मला, ताई." बाई खरोखरच कळल्यासारखी उभी राहिली, जरा वेळ, आणि मग तिला पुढच्या ठिकाणी जायचं होतं. दारात ती वळली. "तुमच्यासारखी बाई मला क्वचित भेटते. वाईट वाटतं."

ती गेल्यावर पहिल्यांदा धाकटी बोलली. आवाज अगदी खाली आला होता. "झालं समाधान?" तिनं लेकीला विचारलं. "दुकानही गेलं आणि माझा नवराही गेला."

आई काही म्हणाली असती, रागावली असती, तर लेकीला बरं वाटलं असतं. पण आईनं बेकरीवाल्याची मोटार पुढ्यात ओढून तिचं झाकण काढलं होतं आणि ती वाकून वास घेत होती. हातांना काहीतरी काम हवं होतं. दुसरं काही तिला येत नव्हतं.

"संध्याकाळपर्यंत देते," ती मोटारीतच बघत म्हणाली. "एकच बाजू गेलीये."

बेकरीवाल्यानं एक पाय बदलला. "राहू दे वहिनी."

"राहू दे म्हणजे?"

"म्हणजे, घाई आहे ना जरा. चौकातल्याकडे टाकतो आज. तुमच्या घरात आधीच हे असं झालंय, त्यात तुम्हाला कशाला आणखी त्रास."

"त्रास कसला? मी आत्ता घेते हातात."

"नको, नको." तो जमिनीकडे बघत होता. माणूस वाईट नव्हता. दर खेपेला मालकासाठी गरम पाव घेऊन येणारा होता.

पायरीवरून धाकटी उठली. ती तावातावानं पुढे आली आणि बाकाला हात टेकून उभी राहिली. "किती वर्षं येताय हो तुम्ही? तुमचं लग्न व्हायच्या आधीपासून ना? एक तरी मोटार परत आली?"

"नाही आली, मालकीणबाई. खोटं कशाला बोलू."

"सगळ्या हिनं भरल्या. हिनं!" धाकटीनं थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला. हे वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती आणि बोलता बोलता तिचे डोळे वाहायला लागले. "ह्या बाईनं भरल्या. तुमची बेकरी हिच्यावर चालली, आमच्या चुली हिच्यावर चालल्या. आणि तुम्ही आज मोटार उचलून निघालात?"

"ते सगळं खरंय. तेव्हा ठाऊक नव्हतं ना, म्हणून काही वाटलं नाही. आता ठाऊक झालं." बेकरीवाल्याला शब्द सापडत नव्हते आणि तो खरोखर अवघडला होता. "रोज पहाटे यंत्र सुरू करताना मनात येणारच की. बाईमाणसानं भरलीये, धरेल का, उडेल का. जिवाला घोर लागतो. राग मानू नका."

राग कुणालाच आला नाही. राग यायला आतून थोडीतरी धग लागते. लेक भिंतीला पाठ लावून खाली बसली होती. महिनाभर दुकान उघडून पुढे बसलेली ती तरुण बाई, जिच्याकडे बघून लोक कोणी नाही का असं विचारत, ती आपली आई होती हे तिला आजवर ठाऊक होतं. कळलं आज.

थोरलीनं झाकण परत बसवलं. एकेक बोल्ट घेतला, बोटानं आटा साफ केला, पान्यानं आवळला. सगळे आवळून झाल्यावर पहिला पुन्हा एकदा बघितला, कारण तो सैल राहायची शक्यता असते. चौकातल्या दुकानदारानं मोटार उघडली की इथून ती नीट मिटवूनच गेली होती हे त्याला दिसायला हवं होतं. का हवं होतं, ते तिला सांगता आलं नसतं. मग तिनं फडक्यानं वरचं पीठ पुसलं आणि मोटार त्याच्याकडे सरकवली.

बेकरीवाल्यानं खिशात हात घातला. "उघडून बघितलंत त्याचं काय द्यायचं, मालक?"

मालक खुर्चीशेजारी उभा होता. त्यानं मान वळवली आणि भिंतीकडे बघत राहिला.

"मालक?"

थोरलीनं यावेळी त्याच्याकडे पाहिलं नाही. कुणाकडेच पाहिलं नाही.

"काही नाही," ती म्हणाली. "न्या."

"उपकार झाले, मालक," बेकरीवाला दिराला म्हणाला आणि मोटार खांद्यावर घेऊन चौकाच्या दिशेनं निघाला.